माडाखालचं घर, चूल एक

आमचं गाव केवढं, असं कोणी विचारलं की माझे सासरे म्हणायचे, "सात नारळांत जेवतं." म्हणजे देवळात समाराधना असली, की सात नारळ फोडले तर अख्ख्या गावाला प्रसाद पुरतो. एवढंच. सतरा उंबरे, एक देऊळ, एक विहीर, आणि विहिरीच्या पलीकडे चौथीपर्यंतची शाळा. त्या शाळेत मास्तर एक आणि खोलीही एकच. आडनाव सगळ्यांचं तेच, त्यामुळे पोस्टमन आडनाव विचारायच्या भानगडीत पडत नसे. घरांना खुणेची नावं होती. वरचं घर, पाणंदीवरचं घर, फणसाकडचं घर. आमचं ते माडाखालचं घर. आता कोकणात माड कोणाच्या घराशी नाही? पण आमचा माड थेट कौलांवर वाकलेला. हा पुढच्या वादळात पडणार, असं माझ्या सासूबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून सगळे म्हणत होते. सासूबाई गेल्या, माड उभाच.

मी त्या घरात नांदले ती फक्त सहा वर्षं. मग मुंबई. आधी गिरणगावात एक खोली, मग गिरणी बंद पडली तेव्हा तीही सोडली आणि घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत आलो. ह्यांना साकीनाक्याला एका वर्कशॉपात काम मिळालं. ही त्यानंतरची गोष्ट. साल नेमकं सांगता येत नाही, पण माझ्या धाकट्याचे दुधाचे दात पडत होते आणि तो ते चाळीच्या पत्र्यावर फेकत होता, एवढं आठवतं.

घाटकोपरला मी राहत होते, पण मला स्वतःला ते मान्य नव्हतं. एकदा खानेसुमारीवाला आला दारात. त्याने विचारलं, किती वर्षं इथे? मी म्हटलं, "आम्ही इथले नाहीच. इथे नुसते कामापुरते."

"बाई, रात्री झोपता कुठे?"

"झोपतो इथेच."

"मग इथलेच," असं म्हणून त्याने लिहिलंसुद्धा. मला असा राग आला, की त्या उन्हात डोंगर चढून आलेल्या माणसाला मी पाणीही विचारलं नाही. अजून वाईट वाटतं.

माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, एक चावी होती. माडाखालच्या घराची. मुंबईला निघाले तेव्हा सासूबाईंनी हातात दिली होती. "घर तुझा," म्हणाल्या होत्या. दोन-तीन महिन्यांनी मी ती चावी काढायची, खोबरेल तेलाचं बोट फिरवायची, परत घडीत ठेवायची. गंज लागू नये. ते घर तिकडे माझी वाट बघतंय, असं मला वाटायचं.

आता खरं सांगायचं तर त्या घराला कुलूप नव्हतंच. तिथे माझी नणंद राहत होती.

वन्सं ह्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. दोन खाड्यांपलीकडच्या गावात दिलेल्या. लग्नानंतर तीन वर्षांनी एक पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन एकट्याच परत आल्या. नवऱ्याने दुसरी आणली होती. त्यांनी पेटी ओटीवर ठेवली, विहिरीवर गेल्या, हातपाय धुतले आणि तांदूळ निवडायला बसल्या. काय झालं ते कधी सांगितलं नाही, आणि त्या घरी परतही गेल्या नाहीत. सासू-सासऱ्यांचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं. आम्ही तेव्हा मुंबईला होतो. ती दोघं गेल्यावर त्या घरात त्या एकट्या.

मी जायची ती वर्षाला एकदा, आठ दिवस. निघताना मी सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन वन्संची ओटी भरायची. म्हणजे मी घरची सून, घरची मालकीण, आणि त्या माहेरवाशीण. त्या पदर पुढे करायच्या, माझा वाकून केलेला नमस्कार घ्यायच्या, आणि मी एसटीत बसून घाटकोपरला यायची. ह्यात काही उलटंसुलटं आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तर त्या वर्षी देवळाची कौलं नवी करायची ठरली. मुंबईत आमच्या गावाचं मंडळ होतं. मंडळ म्हणजे काय, तर मुलुंडचे थोरले काका, बोरिवलीचे भाऊजी, अंधेरीचे एकदोघे, आणखी चारपाच घरची माणसं आणि आमचे हे. सगळे उपनगरात पांगलेले, म्हणून बैठक आमच्याकडे. घाटकोपर सगळ्यांना मध्ये पडतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या दोन खोल्यांत गाव भरायचं. काकांनी काढलं, की कौलं चढतील तेव्हा एक पुस्तिका छापू. पहिलं पान देवाचं आणि दुसऱ्या पानावर 'आमच्या गावाचा इतिहास व लोकसंख्या'. लिहायचं कोणी? भाऊजींचं अक्षर म्हणजे तव्यावरच्या मुंग्या. ह्यांना लिहायचा कंटाळा. मग काका म्हणाले, "सूनबाय लिवात. तिचा अक्षर बरा."

मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांवर. साखर डब्यात ओतायची आणि कागद वाचायचा. बातमी नेहमी अर्धी मिळायची, पण अक्षर वळणाचं झालं. तेव्हा स्टोव्हजवळ पाट घेतला, वही मांडीवर घेतली, एका डोळ्याने चहा आणि एका डोळ्याने इतिहास.

"दोन भाव आणि एक गाय," काका सांगायला लागले. "चलता चलता गाय थकली आणि बसली. जंय बसली थंय देऊळ. लिव."

"तीन भाऊ," बोरिवलीचे भाऊजी म्हणाले. ते खालच्या अंगाचे, म्हणजे तिसऱ्या भावाच्या वंशातले. "आमच्या पूर्वजाला तुम्ही दर वेळी खाता."

"तिसरो मागाहून इलो."

"मागाहून म्हणजे? गाईचं शेपूट धरून?"

"रे मेल्या, देवाचा लिवतव!"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, बरोबर बायका कोणीच नव्हत्या? दोन भाऊ आणि गाय, एवढेच? मग आपण सगळे कोणाचे?"

भाऊजी हसता हसता भिंतीवरच्या कॅलेंडरावर आपटले. हे खोकायला लागले. काका म्हणाले, "चहा बघ गो, उतू जाता."

असा आमच्या गावाचा इतिहास पाच ओळींत संपला. तिसऱ्या भावाला कंसात जागा मिळाली.

मग लोकसंख्या. आमच्याकडे माणसं मोजायची पद्धत चुलीवर. जिथे वेगळा भात शिजतो ती एक चूल. चुलीचा कर्ता पुरुष, त्याची बायको, त्याची मुलं. लग्न होऊन गेलेल्या मुली धरायच्या नाहीत, त्या 'दिलेल्या'. देवळात समाराधनेला प्रसादाचा वाटाही चुलीवरच. नारळाच्या कवडीतला तुकडा, गूळ आणि नैवेद्याच्या भाताचा गोळा केळीच्या पानावर. देवळासमोर उभं राहून काका एकेका घराचं नाव पुकारायचे आणि त्या घरातलं माणूस पुढे यायचं. वाटा म्हणजे खायला दोन घास, पण ज्याचा वाटा पुकारला जात नाही तो गावात नाही, असा त्याचा अर्थ.

काका तोंडपाठ पुकारायचे. आमच्या घराचं नाव आलं की वन्सं लगेच उठायच्या नाहीत. सगळे वाटे संपले, माणसं पांगली, की मागच्या बाजूने जाऊन भावाचा म्हणून वाटा घेऊन यायच्या.

"आता माझा वय झाला," काका त्या बैठकीत म्हणाले. "याद रवणा नाय. ह्या वर्सापासून वाटे पुस्तकातून पुकारूचे. आणि बंद घरांचे वाटे जो कोण मुंबैकर इलो असात तेच्या हातात."

मी घरं लिहीत गेले. वरचं घर, बंद, माणसं मुलुंडला. पाणंदीवरचं घर, चूल एक, माणसं सात. फणसाकडचं घर, बंद, माणसं बोरिवलीला. असं करत आमचं आलं.

"माडाखालचा घर," काका म्हणाले आणि त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही हंय. म्हंजे बंद."

"अक्का आहे ना घरात," हे म्हणाले.

"ती आसा. पण ती दिलेली. तिची चूल तिच्या घोवाच्या गावाक."

"काका, तिकडे तिला कोण..." हे म्हणायला लागले.

"माका म्हायत नाय काय? पण नियम तो नियम. उद्या सगळ्यांच्या दिलेल्या मोजूक लागलो, तर गाव केवढो होतलो!"

"मोठा होईल. बरंच की," भाऊजी म्हणाले. पण ह्या वेळी कोणी हसलं नाही.

हे माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार, गाईवरून बोलले होते तशी. मी बोलले नाही. मी 'बंद' लिहिलं. चांगलं वळणदार लिहिलं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होते, की थोरल्या माणसासमोर सुनेने काय बोलायचं. पण हे काही खरं नव्हे. मला तो शब्द आवडला होता. घर बंद आहे म्हणजे ते कोणीतरी उघडायचंय, आणि उघडायची चावी माझ्या ट्रंकेत. तिथे कोणाची चूल लिहिली, की ते घर दुसऱ्याचं झालं. असं मी तेव्हा शब्दांत म्हटलं नव्हतं मनाशी. पण हात बरोबर तिकडेच गेला.

मुंबईतली माणसं मोजायचं काम माझ्यावरच आलं. दुसरी यादी त्यांची. मी वही पिशवीत घालून बसने हिंडले. मुलुंडला काकांच्या घरी, अंधेरीला, शेवटी बोरिवलीला भाऊजींकडे. पुरुष कामावर, घरात बायका. कुठे शेवयांची खीर, कुठे नुसता कोरा चहा. माणसं लिहून झाली की गप्पा गावावरच यायच्या.

मुलुंडच्या काकी म्हणाल्या, "आमच्या घरावरची कौलं फुटली होती, तुझ्या नणंदेने निरोप पाठवला म्हणून कळलं. नाहीतर चूल वाहून गेली असती."

बोरिवलीची जाऊ म्हणाली, "माझी चावी तांबड्या बांगडीच्या तुकड्याची. तुमची कुठली गं?"

मला काही कळलं नाही. मग तिने सांगितलं. वन्संना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाव सोडून जाताना प्रत्येक घरची बाई कुलुपाची चावी वन्संच्या हवाली करायची, आणि कुठली कुणाची ते लक्षात राहावं म्हणून वन्सं चावीला खूण बांधायच्या. काकींची शिंपल्याची. जावेची बांगडीच्या तुकड्याची. अंधेरीवाल्यांची शर्टाच्या बटणाची. माजघराच्या भिंतीला आठ खुंट्या, आठ चाव्या. दर अमावास्येला वन्सं एकेक घर उघडायच्या, केर काढायच्या, देवापुढे दिवा लावायच्या, पुन्हा कुलूप. मी त्या खुंट्या बघितल्या होत्या, नाही असं नाही. पण आठ दिवसांची पाहुणी मी. भिंतीला काय काय लटकतं, ते कुणी विचारतं का?

"ती आहे म्हणून घर आहे गं," जाऊ म्हणाली. "नाहीतर वाट लागली असती. वाळवीने खाल्लं असतं सगळं."

वही माझ्या मांडीवरच होती. पेनही होतं. 'बंद' खोडायला किती वेळ लागतो? मी वही पिशवीत घातली आणि म्हटलं, "निघते गं, बस चुकेल."

पुस्तिका छापून आली. शंभर-सव्वाशे प्रतींचा गठ्ठा. आमच्या गावात नवी वस्तू आधी देवापुढे ठेवायची आणि मग वाटायची, म्हणून सुतळी सुटली नाही. गठ्ठा माझ्याबरोबर निघाला. हे दोन दिवसांनी काकांबरोबर येणार होते. मी मुलांना घेऊन कुर्ल्याहून एसटीत बसले, गठ्ठा पायाशी. आणि ह्या खेपेला मी ट्रंकेतली चावीही पिशवीत घेतली. का घेतली, विचारू नका. मलाही माहीत नाही.

समाराधनेच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाली. हे आणि काका सकाळीच पोचले होते. देवळात रंग ओला होता, म्हणून गठ्ठा आमच्याच ओटीवर. जाऊ आणि मुलुंडच्या काकीही आल्या होत्या, आपापली कुलुपं उघडून, घरं झाडून. वन्संनी पदराला हात पुसले आणि गठ्ठ्याजवळ बसल्या.

"वयनी, ह्यात आपला घर आसा?"

"आहे की."

"दाखय बघू. एक काढलंस तर देव काय रागावणा नाय."

मी सुतळी सोडली. दुसरं पान उघडलं. वन्संनी बोट ठेवलं. त्यांची बोटं शेणामातीने भेगाळलेली, नखं अगदी बारीक कापलेली. "हंय?"

"आणखी खाली. हं. माडाखालचं घर."

"माडाखालचा घर," त्यांनी म्हटलं, आणि ओळीवरून बोट पुढे सरकवलं. "आणि फुडे काय लिवलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना वाचता येत नव्हतं. उद्या पुकारताना कळलं असतं, पण तोपर्यंत तरी. काकी आणि जाऊ माझ्याकडे बघत होत्या. त्यांना येत होतं वाचता.

"पुढे 'बंद' लिहिलंय, वन्सं."

त्यांनी बोट उचललं नाही. जरा वेळाने हसल्या. "बंद? मगे मी कोण? भूत?"

"काका म्हणाले, तुम्ही दिलेल्या. म्हणून चूल धरता येत नाही."

"काका म्हणले. आणि लिवला कोणी?"

"मी."

त्या उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. मी मागोमाग गेले. त्या चुलीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. विस्तवावरची राख फुंकणीने बाजूला करत होत्या. मला म्हणाल्या, "हात धर हंय."

मी चुलीवर हात धरला. चांगलाच भाजला.

"गरम आसा?"

"हो."

"वीस वर्सां इझली नाय ही. तुझो सासरो गेलो त्या दिवसाक दाराभायेर इस्तव काढलंय, तोय हीच्यातलोच. माका वाटो नको वयनी. खोबऱ्याची कवड मी घरात खातंय. पण तू ह्या इस्तवार बंद लिवलंस."

तेवढंच बोलल्या. आवाजही चढला नाही. मी बाहेर आले, पिशवीतून निळं बॉलपेन काढलं, आणि पहिल्या प्रतीत 'बंद' वर रेघ मारली. वर लिहिलं, 'चूल एक, माणूस एक.' मग खाली बेरीज. बंद घरं नऊची आठ. गावी राहणारी माणसं एकेचाळीसची बेचाळीस.

मग दुसरी प्रत. मग तिसरी. जाऊ पानं उघडून देत होती, काकी लिहून झालेल्या प्रती मिटून रचत होत्या. थोड्या वेळाने वन्संही बाहेर येऊन बसल्या. त्यांनी उघडायचं काम जावेकडून घेतलं. पानावर समईचं चित्र होतं, त्यावरून त्यांना बरोबर सापडत होतं.

अर्धा गठ्ठा झाला आणि काका आले. पायरीवर उभे राहिले.

"काय चल्लाय?"

"पुस्तिकेत चूक झाली काका. सुधारतोय."

"छापखान्याची?"

"नाही. माझी."

त्यांनी एक प्रत उचलली. चष्मा घरी राहिला होता. हात लांब करून, डोळे बारीक करून त्यांनी वाचलं. परत वाचलं. त्यांचा चेहरा बघून मी पेन खाली ठेवलं.

"हो निर्णय बैठकीतलो. बैठकीत कोणी काय बोलला नाय. आता ओटयेर बसान पेनान बदलतास?"

आणि मुलुंडच्या काकी, ज्यांनी माझ्या देखत नवऱ्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या प्रती रचता रचताच म्हणाल्या, "आपल्या घराची चावी खंय आसा, सांगा बघू?"

काकांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात तपकिरीची डबी. दुसऱ्या खिशाकडे गेला. मग त्यांनी उघड्या दारातून आत माजघराच्या भिंतीकडे बघितलं. खुंट्या रिकाम्या होत्या, कारण सगळी घरं त्या दिवशी उघडी होती. एकेका खुंटीखाली भिंतीला चावी घासून घासून काळा डाग पडलेला. काका बराच वेळ ते डाग बघत राहिले. वन्सं पुस्तिका उघडत होत्या, मान वर केली नाही.

"अक्षर बरा काढ," काका मला म्हणाले. "देवाफुडे जाता ता." आणि प्रत ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी समाराधना. नवी कौलं उन्हात लालबुंद. काका चष्मा लावून उभे, हातात पुस्तिका. वरचं घर. पाणंदीवरचं घर. फणसाकडचं घर. माणसं पुढे येत होती, पान घेऊन जात होती. वन्सं नेहमीसारख्या मागे, तुळशीच्या आडोशाला. मी शेजारी. आयत्या वेळी काका काय वाचतील, कोणी सांगावं?

"माडाखालचा घर," काका म्हणाले. थांबले. पुस्तिका जरा जवळ घेतली. "चूल एक. माणूस एक."

कोणी पुढे गेलं नाही. हे माझ्या पलीकडेच उभे होते, ज्या वर्षी ते गावी असत त्या वर्षी तेच पुढे जात. ते हलले नाहीत. वन्सं जमिनीकडे बघत होत्या, सगळं संपायची वाट बघत, सवयीने. मी त्यांच्या पाठीला हात लावला. "तुम्हालाच म्हणतायत."

त्या गेल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही हातांनी पान घेतलं, देवाला दाखवलं आणि आल्या तशा परत आल्या. मग तिथेच उभ्या उभ्या पान उघडून त्यांनी भाताच्या गोळ्याचे दोन भाग केले. त्यातला मोठा माझ्या हातावर ठेवला.

"घे, मुंबैकरणी. खा."

भात गोड होता. सतरा घरांची नावं पुकारून झाली होती. त्यात मी कुठेच नव्हते. माझं नाव दुसऱ्या यादीत होतं, ती कोणी पुकारत नाही. घाटकोपर, माणसं पाच. माझ्याच अक्षरात.

निघायच्या दिवशी मी सवयीने सूप घेतलं. तांदूळ घातले, नारळ ठेवला. वन्संनी माझ्या हातातून सूप काढून घेतलं.

"तू बस पाटार," म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी मला कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. पाच ओंजळी. मी पदर धरला होता, त्यावर तांदूळ पडल्याचा आवाज येत होता आणि मला मान वर करता येत नव्हती. अठरा वर्षांची ह्या घरात आले होते तेव्हा सासूबाईंनी ह्याच सुपाने भरली होती.

मग मी उठले आणि पिशवीतून चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"ही कसली?"

"ह्या घराची. सासूबाईंनी दिलेली."

त्यांनी चावी उलटीपालटी करून बघितली. तेलाने बोटं चिकट झाली तशी पदराला पुसली. "ह्या घराक कुलूप खंय आसा?"

"नाहीये. मला माहीत आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काय समजलं त्यांना, कोण जाणे. हसल्या नाहीत. भिंतीशी गेल्या. आदल्या दिवशी सगळ्या बायका निघून गेल्या होत्या, आठही चाव्या परत आपापल्या खुंट्यांवर आल्या होत्या. शिंपला, बांगडी, बटण. वन्संनी कोनाड्यातून एक खिळा काढला, दगडाने रांगेच्या शेवटी ठोकला. मग खुणेसाठी इकडेतिकडे बघितलं. माझ्या पिशवीच्या तोंडाशी ते निळं पेन होतं. त्यांनी त्याचं टोपण ओढून काढलं, दोऱ्याने चावीला बांधलं आणि नववी चावी भिंतीला लावली.

"ही तुझी," म्हणाल्या. "निळी. याद रवात मा?"

मी मान हलवली. बाहेर हे हाक मारत होते, एसटी वळणावर दिसायला लागली होती.

कुर्ल्याला उतरले तेव्हा पिशवीत सगळीकडे निळं झालं होतं. बिनटोपणाचं पेन उन्हाने पाझरलं होतं. ओटीच्या तांदळांची पुरचुंडी एका कोपऱ्याला निळी झाली होती. घरी येऊन मी ते तांदूळ निवडायला बसले. शेजारीण दारातून म्हणाली, "आलीस गं? कशी झाली गावची पूजा?"

"झकास झाली," मी म्हटलं. निळे दाणे बाजूला काढले, आणि उरलेल्याचा भात लावला.